पिल्ले आजारी आणि शर्यत तोंडावर

पत्राचा सारांश: पत्रलेखक थोरल्या भावासोबत शर्यतीच्या कबुतरांची ढाबळ सांभाळतात. यंदाची चाळीसेक पिल्ले साधारण तीन महिन्यांची झाली असून, इतरांच्या कबुतरांबरोबर एकाच गाडीतून नेऊन ती दोन वेळा सरावासाठी सोडून झाली आहेत. दुसऱ्या सरावानंतर तीन-चार दिवसांतच काही पिल्ले दाणे ओकू लागली, गळ्याखालची अन्नपिशवी सकाळपर्यंत फुगलेली राहू लागली आणि विष्ठा हिरवी व पातळ झाली. बारा-तेरा पिल्ले आजारी पडली, त्यांतली दोन दगावली. भावाने शिल्लक राहिलेली अँटिबायोटिकची पूड सगळ्यांच्या पाण्यात घातली आणि पिल्ले सावरत आहेत असे वाटताच दोन दिवसांत ती बंद केली. पहिली शर्यत आता तीन आठवड्यांवर आली आहे. जी जगतील तीच खरी शर्यतीची, बाकीची काढून टाकावीत, असे भावाचे मत आहे. दर महिन्याला औषधाचा एक फेरा दिला की असे काही होतच नाही, असे जुनी जाणती मंडळी सांगतात. पत्रलेखकाने विचारले आहे: सर्वांत जोरदार औषध कोणते, बरी झालेली पिल्ले शर्यतीला पाठवावीत का, आणि एकदा आजारी पडलेली पिल्ले कायमची कमकुवत समजावीत का?

तुम्ही विचारलेल्या तीन प्रश्नांपेक्षा तुमच्या पत्रातला एक तपशील मला अधिक मोलाचा वाटला. पिल्ले कधी आजारी पडली, हे तुम्ही नीट लिहिले आहे. अनेक ढाबळींतली पिल्ले एका गाडीत दाटीने बसली, एकमेकांच्या विष्ठेत उभी राहिली, एकाच भांड्यातले पाणी प्याली आणि तीन-चार दिवसांनी आजार दिसला. एवढ्यावरून रोगाचे नाव सांगता येत नाही, पण दाणा बिघडला असेल किंवा हवा बदलली असेल, यापेक्षा बाहेरून संसर्ग आला असावा ही शक्यता कितीतरी बळकट होते. पशुवैद्याशी बोलताना सुरुवात इथूनच करा.

तुमच्या पहिल्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: आजार ठाऊक आहे, फक्त औषध निवडायचे राहिले आहे. तसे नाही. ओकारी, न रिकामी होणारी अन्नपिशवी, हिरवी पातळ विष्ठा आणि झपाट्याने घटणारे वजन, या लक्षणांच्या समूहाला कबूतर पाळणारे लोक कितीतरी वर्षे ‘पिल्लांचा आजार’ असे एकच नाव देत आले आहेत; पण त्यामागची कारणे वेगवेगळी असू शकतात. पूर्वी त्याचा दोष मुख्यतः ॲडिनोव्हायरस आणि ई. कोलाय या जिवाणूला दिला जाई. पुढे सर्कोव्हायरसकडे लक्ष गेले, कारण तो पिल्लांची रोगप्रतिकारशक्तीच खच्ची करतो आणि इतर जंतूंना वाट मोकळी करून देतो. 2016 साली ऑस्ट्रेलियात शर्यतीच्या कबुतरांमध्ये मोठी साथ आली, तेव्हा रोटाव्हायरसचा एक प्रकार सापडला. नंतर युरोपातल्या ढाबळींतही त्याचे भाईबंद आढळले, आणि केवळ या विषाणूनेही पिल्लांमध्ये तसाच आजार होतो, हे प्रयोगांनी दाखवून दिले. ई. कोलाय तर बहुतेक निरोगी कबुतरांच्या आतड्यातही असतो. त्यामुळे विष्ठेच्या तपासणीत तो सापडला म्हणजे गुन्हेगार सापडला, असे समजू नका.

शिवाय याच लक्षणांच्या आडून इतर रोग डोकावतात. घशात पिवळसर, चिकटून बसलेला थर दिसला तर ट्रायकोमोनास या एकपेशीय परजीवीचा संशय घ्यावा. पंखाचा किंवा पायाचा सांधा सुजला, तर साल्मोनेला या जिवाणूचा विचार करावा लागतो. विष्ठेभोवती पाण्याचे मोठे थारोळे साचत असेल, मान वाकडी होत असेल, दाणा टिपताना चोच नेमक्या जागी पडत नसेल, तर पॅरामिक्झोव्हायरसची शंका तातडीने पशुवैद्याच्या कानावर घालायला हवी. कॉक्सिडिया हे आतड्यातले एकपेशीय परजीवी आणि जंत हे तर जवळपास प्रत्येक ढाबळीत कमी-अधिक प्रमाणात असतातच. या प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे. ट्रायकोमोनासवर चालणारे औषध साल्मोनेलावर कामाचे नाही, आणि विषाणूवर तर कोणतेही अँटिबायोटिक चालत नाही. ते दिलेच तर मागाहून घुसलेल्या जिवाणूंसाठी द्यायचे असते. त्यामुळे ‘जोरदार’ असे औषध नसतेच. औषध लागू पडते किंवा पडत नाही.

सगळ्यांच्या पाण्यात पूड घालण्यातली आणखी एक अडचण सहसा लक्षात येत नाही. जे पिल्लू सर्वांत आजारी आहे, ते कोपऱ्यात पिसे फुलवून बसलेले असते आणि पाण्याकडे फिरकतही नाही. प्यालेच तर थोड्या वेळात ओकून टाकते. उलट निरोगी पिल्ले भरपूर पाणी पितात. म्हणजे ज्याला औषध हवे त्याच्या पोटात ते जात नाही आणि ज्याला नको त्याला पुरेपूर मिळते. त्यात डॉक्सिसायक्लिनसारखे औषध असेल, तर ढाबळीत ठेवलेल्या ग्रिटमधले, म्हणजे कबुतरांना खायला दिलेल्या खडे-शिंपल्यांच्या चुऱ्यातले, कॅल्शियम त्याला बांधून ठेवते आणि रक्तात पोहोचणारी मात्रा आणखी घटते. दोन दिवसांनी पिल्ले सावरली, ती औषधामुळेच, असेही छातीठोकपणे म्हणता येणार नाही, कारण विषाणूजन्य आजारातली बरीचशी पिल्ले काही दिवसांत आपोआपच वर येऊ लागतात. तुमच्या भावाने जे केले ते पिल्लांच्या काळजीपोटीच केले, यात मला शंका नाही. आता एवढेच करा: औषधाचे नाव, पाण्यातले प्रमाण आणि किती दिवस दिले, हे कागदावर लिहून पशुवैद्याला दाखवा, कारण अर्धवट दिलेल्या औषधामुळे जिवाणूंच्या तपासणीचा निकाल फसवा येऊ शकतो. ते पुन्हा सुरू करायचे की नाही, हे त्यांनाच ठरवू द्या.

महिन्याच्या फेऱ्याविषयी माझे मत ठाम आहे: तो देऊ नये. आतड्यातले उपयोगी जिवाणू दर महिन्याला मारून पिल्लू बळकट होत नाही. उलट बुरशीला आणि औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंना त्याने आयते रान मिळते. मग ज्या दिवशी खरोखर गरज पडेल, त्या दिवशी तेच औषध हात टेकते. जुन्या मंडळींचा अनुभव मी हलका लेखत नाही. कबूतर हातात घेताच त्याचा कस ओळखणारी माणसे त्यांच्यात आहेत. पण सूक्ष्मदर्शकाखाली विष्ठा पाहिल्याशिवाय आत काय आहे, हे त्यांनाही दिसत नाही.

आता या आठवड्यात काय करावे ते पाहू. आजारी पिल्ले आजच वेगळी करा आणि त्यांची भांडी, खरवडणी, झाडू, सगळे वेगळे ठेवा. रोजचे काम आधी निरोगी पिल्लांकडे उरकून मगच आजाऱ्यांकडे जा. मधे हात धुणे आणि चपला बदलणे विसरू नका. कबुतराच्या शरीराचे तापमान 41 ते 42 अंश सेल्सिअस असते आणि पोटात अन्न नसलेल्या पिल्लाला ते टिकवताना स्वतःचे मांस जाळावे लागते. म्हणून आजाऱ्यांच्या पेटीत एका बाजूला 28 ते 30 अंशांची ऊब असावी आणि दुसरी बाजू थोडी थंड ठेवावी, म्हणजे पिल्लाला हवे तिकडे सरकता येईल.

खाण्याच्या बाबतीत माणसाची माया पिल्लाच्या मुळावर येऊ शकते. अन्नपिशवी फुगलेली असताना हाताने दाणे भरवू नका. आत आधीच आंबलेले पाणी आणि कुजू लागलेला दाणा असतो. वरून नवा दाणा गेला की सडण्यात भर पडते. साधारण दिवसभर दाणा थांबवून फक्त ओआरएसचे ताजे पाणी ठेवावे. छोट्या पक्ष्याला त्याहून अधिक काळ उपाशी ठेवण्याचा निर्णय मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नये. पिशवी रिकामी होऊ लागली की बारीक, पचायला हलके दाणे अगदी थोडे द्यावेत, पुढची खेप आधीची खाली उतरल्यावरच द्यावी, आणि मोठी कडधान्ये सर्वांत शेवटी आणावीत. सकाळी बोटांनी चाचपल्यावर अन्नपिशवी सपाट आणि मऊ लागली, तर रात्रीचा दाणा पुढे सरकला असे समजा. जे पिल्लू पाणीही पोटात ठेवू शकत नाही, ज्याची छातीवरची कातडी बोटाखाली सुकून चिकट लागते, त्याला नळीने किंवा सुईने द्रव द्यावे लागेल. नळी घालणे पशुवैद्याकडून समोर बसून शिका. कबुतराच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते आणि तिथे पाणी गेले तर पिल्लू हातातच जाते.

तपासणीसाठी रात्री बसण्याच्या फळ्यांखाली स्वच्छ कागद अंथरा आणि सकाळी आजारी व निरोगी अशा दोन्ही गटांतली ताजी विष्ठा वेगवेगळी न्या. त्यातून जंत आणि कॉक्सिडिया कळतील. ट्रायकोमोनास पाहायचा असेल तर पिल्लूच घेऊन जा, कारण हा परजीवी घशातल्या ताज्या, कोमट स्रावात हालचाल करताना दिसतो; नमुना गार झाला की तो ओळखणे अवघड होते. आणि दुर्दैवाने आणखी एखादे पिल्लू गेलेच, तर त्याला पुरून टाकू नका. पिशवीत बांधून फ्रिजच्या साध्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको, कारण गोठल्याने पेशी फुटतात आणि यकृताच्या पातळ कापांची तपासणी नीट होत नाही. शक्य तितक्या लवकर ते शवविच्छेदनासाठी पाठवा. एका मेलेल्या पिल्लाच्या तपासणीतून उरलेल्या सदतीस-अडतीस पिल्लांचे नेमके काय करायचे ते कळू शकते. विषाणूंच्या तपासण्या सगळीकडे होतातच असे नाही, पण होत असतील तर त्यांचा खर्च वाया जात नाही.

तिसरा प्रश्न मी दुसऱ्याच्या आधी घेतो, कारण तुमच्या दोघा भावांचा वाद तिथे आहे. आजारी पडलेले पिल्लू कमकुवत असते का? पहिल्या तीन-चार महिन्यांत पिल्लाच्या अंगात एकाच वेळी कितीतरी गोष्टी चाललेल्या असतात. महिनाभराच्या आतबाहेर ते आईबापांपासून तुटते, साधारण दीड महिन्यात त्याच्या पंखाची पहिली मोठी पिसे गळू लागतात, शरीर वाढत असते, प्रतिकारशक्ती अजून शिकत असते, आणि त्याच काळात आपण त्याला पेटीत घालून परक्या कबुतरांत नेतो. अशा वेळी विषाणूशी पहिली गाठ पडलेले उत्तम रक्ताचे पिल्लूही आडवे होते. कोणाला किती जंतू मिळाले, कोण गाडीत कुठल्या कोपऱ्यात बसले, यावरही बरेच अवलंबून असते. म्हणून पहिल्याच आजारावरून वंशाचा निकाल लावणे मला मान्य नाही. तुमच्या भावाच्या म्हणण्यात तथ्यही आहे: इतर सगळी उभी राहिली तरी जे पुन्हा पुन्हा आजारी पडते, ज्याचे वजन महिना-दीड महिन्यानंतरही भरत नाही, त्याची पिल्ले काढू नयेत. पण त्यासाठी नोंद हवी. आज डोळ्यांसमोर मलूल बसलेल्या पिल्लाकडे पाहून ते ठरत नाही. एखादे पिल्लू खरोखरच सुटणार नाही आणि हाल होत आहेत असे पशुवैद्याने सांगितले, तर त्याला वेदना न देता सोडवणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि तो निर्णय त्यांच्याच हातून अमलात यावा.

राहिली शर्यत. माझे उत्तर नाही असे आहे: आजारी पडलेली पिल्ले तीन आठवड्यांनी पाठवू नका. कारण नीट समजले तर भावाला पटवणे सोपे जाईल. लांब उड्डाणात कबुतराच्या छातीच्या स्नायूंना लागणारे इंधन मुख्यतः चरबीचे असते, आणि पक्ष्यांत ही चरबी बऱ्याच अंशी यकृतात तयार होते. रोटाव्हायरस आणि ॲडिनोव्हायरस हे दोघेही नेमके यकृतावरच घाव घालू शकतात. यकृत भरून येण्याआधीच पिल्लाची भूक परतते, डोळा स्वच्छ होतो, ढाबळीभोवती ते दोन-चार फेऱ्याही मारते. घरगुती हालचालीपुरते बळ त्याला आलेले असते. शर्यतीच्या अंतरात मात्र निम्म्या वाटेवर इंधन संपते. मग ते खाली उतरते आणि परत येत नाही, आणि घरी आपण म्हणतो की पिल्लाला दिशेचे भान नव्हते.

शिवाय गाडीत तुमची पिल्ले एकटी नसतात. बरी दिसणारी कबुतरेही काही काळ विष्ठेतून विषाणू बाहेर टाकत राहू शकतात. तुमच्या ढाबळीत आजार ज्या वाटेने आला, त्याच वाटेने तो पुढे दुसऱ्याच्या ढाबळीत जाईल. म्हणून जी पिल्ले मुळीच आजारी पडली नाहीत, तीही साथ ओसरल्यावर आणि पशुवैद्याशी बोलल्यावरच गाडीत घालावीत. सरावाच्या गाडीत ज्यांची कबुतरे होती, त्या सगळ्यांना आजच कळवा. संकोच वाटेल, लोक नावे ठेवतील अशी भीतीही वाटेल, हे मी समजू शकतो. तरी कळवा; कदाचित त्यांच्याकडेही हेच चालू असेल आणि तेही गप्प बसले असतील.

पिल्लू बरे झाले हे कसे ओळखावे? लक्षणे थांबली तिथून मोजणी सुरू होते. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दर दोन दिवसांनी, सकाळी दाणा देण्याआधी, प्रत्येक पिल्लाचे वजन घ्या आणि पायातल्या कडीच्या क्रमांकासमोर लिहा. विष्ठा घट्ट गोळीसारखी, वर पांढरी टोपी असलेली व्हायला हवी; तिला एखादे मऊ पीस चिकटलेले दिसले की जाणकार खूश होतात, ते उगाच नव्हे. पिसांवरची पांढरट भुकटी परत येते आणि हाताला लागते. छातीचे मधले हाड दोन्ही बाजूंनी मांसाने भरून येते. या सगळ्या गोष्टी किमान दोन आठवडे सलग टिकल्या, तर ढाबळीभोवती मोकळे उडू द्या, पण झेंडा दाखवून उडवत ठेवू नका. कधी उतरायचे ते पिल्लालाच ठरवू द्या. ते आपणहून झेप घेऊ लागले, उतरल्यावर चोच उघडी ठेवून धापा टाकेनासे झाले, की मग अगदी जवळच्या अंतरावरून, फक्त स्वतःच्या ढाबळीतली पिल्ले घेऊन, पुन्हा सराव सुरू करा. अंतर वाढवण्याआधी वजन पाहा. घटले असेल तर एक पायरी मागे या. या हिशेबाने पिल्लांच्या मोसमातली एखादी शेवटची शर्यत कदाचित हाती लागेल, कदाचित पूर्ण मोसम जाईल. पहिल्या वर्षी न उडालेले कबूतर पुढच्या वर्षी उडू शकते, आणि पिल्लांच्या वर्षात राखून ठेवलेल्या कबुतरांनी पुढे उत्तम उड्डाणे केल्याचे अनुभवी लोकही सांगतात.

एक बारीक खूण पाहून ठेवा. आजाराच्या दिवसांत जे पीस वाढत होते, त्याच्यावर कधीकधी आडवी, फिकट, दबलेली रेघ राहते. पंख प्रकाशासमोर उघडून धरला की ती दिसते. तेवढ्या जागी पीस कच्चे असते आणि जोर पडल्यावर मोडू शकते. मोठ्या पिसांवर अशा रेघा असतील, तर ती गळून नवी येईपर्यंत त्या पिल्लाला लांब पल्ल्याला न पाठवणेच बरे.

ढाबळीविषयी थोडक्यात लिहितो, कारण हे तुम्हाला ठाऊक असणार. चाळीस पिल्लांना जागा पुरते का, हे प्रामाणिकपणे तपासा. रात्री प्रत्येकाला स्वतःची फळी मिळत नसेल तर संख्या जास्त आहे. ओल हटवा, कारण कॉक्सिडियाला पसरण्यासाठी ओलावा लागतो. जंतुनाशक शिंपडण्याआधी विष्ठा पूर्ण खरवडून धुऊन काढा. घाणीवर ओतलेले जंतुनाशक वाया जाते, आणि रोटाव्हायरससारखा चिवट विषाणू तर त्याला सहज पुरून उरतो. ब्लीचमध्ये दुसरे काहीही मिसळू नका. नवीन किंवा भरकटून आलेले कबूतर महिनाभर वेगळे ठेवल्याशिवाय आत घेऊ नका. पॅरामिक्झोव्हायरसची लस पुढच्या वर्षी सरावाच्या बऱ्याच आधी, निरोगी पिल्लांनाच द्या. रोटाव्हायरसवरही काही देशांत लस मिळते, ती तुमच्याकडे उपलब्ध आहे का ते पशुवैद्याला विचारा.

ढाबळ खरवडताना तुम्ही दोघेही तोंडाला चांगला मास्क लावा आणि आधी पाणी शिंपडून धूळ बसवा. कबुतरांच्या धुळीने फुप्फुसांना होणारा त्रास वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो, आणि एका डोळ्यातून पाणी येणाऱ्या, शिंकणाऱ्या कबुतराला क्लॅमिडिया या जिवाणूचा संसर्ग असेल तर तो माणसालाही होतो. घरात कोणाला ताप आणि कोरडा खोकला आला, तर आपल्याकडे कबुतरे आहेत हे डॉक्टरांना न विचारताच सांगा.

भावाशी बोलताना वाद तत्त्वावर नेऊ नका. ‘दादा, तू सांगतोस ती पिल्ले आपण काढून टाकू, पण आधी तपासणीचा निकाल येऊ दे आणि सहा आठवड्यांची वजने समोर ठेवून मग ठरवू,’ एवढीच मागणी करा. कडीचे क्रमांक घालून वही तुम्ही आजच आखा आणि पहिले वजन त्यांच्याच हातून लिहून घ्या. त्या सहा आठवड्यांत एखाद्या पिल्लाची विष्ठा पुन्हा हिरवी झाली किंवा वजन सलग दोन वेळा घटले, तर वहीचे ते पान आणि ताजा नमुना घेऊन त्याच दिवशी पशुवैद्याकडे जा.